तारण

एकतीस वर्षं मी सांगलीत बँकेच्या कर्जखात्यात होतो.
पंखा माझ्या डोक्यावर, लोक रांगेत.
हरिपूरच्या पेवांवर लाखांनी कर्ज मंजूर केलं.
पेव म्हणजे जमिनीत खोल खड्डा,
आत हळद, वर माती, मातीवर गवत.
हळद मी कधी पाहिली नाही.
पावती पाहिली, सही केली.

झुंबर पडवळकर आली तेव्हा मार्चअखेर होती.
घिसाडी. नवरा भाता ओढायचा, ती घण मारायची,
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली.
तिला पॉवर हॅमर हवा होता.
"हंगामाला सहाशे कोयतं काढतो, साहेब.
यापारी सत्तरला नेतो, दीडशेला इकतो.
येक मशीन आलं तर मीच इकीन की."
मी हिशेब पुन्हा मांडून पाहिला, चूक सापडेना.
मग विचारलं, तारण काय?

ऐरण, ती म्हणाली.

शिपाई हसला.
त्याच्या आधी मी हसलो होतो.

सातबारा? नाही. जामीनदार? नाही.
जातीचा दाखला? त्याला एकसष्टच्या आधीचा पुरावा लागतो,
बाप तेव्हा कुठं राहत होता?
"म्हसवडच्या जत्रंत जन्मला. गाडीखाली.
गाडी कुठल्या गावची म्हनून लिवू?"

'कायमचा पत्ता' हा रकाना रिकामा होता.
मी पेन्सिलीनं तिथं फुली मारली.

आठवड्यानं परत आली, पोतं घेऊन.
टेबलावर ओतलं:
कवलापूरची कुदळ, समडोळीची पहार,
बुधगावातला अडकित्ता, दांडा नसलेली एक कुऱ्हाड.
सगळ्यांवर ठोकलेले तीन ठिपके.
"ही आज्ज्याची खूण. घराघरातनं मागून आणलंय,
सांजच्याला परत द्यायचंय.
आमी हितलंच हाय, साहेब. लोखंड सांगतंय."

कुदळ फायलीला लागत नाही.
आमचं भोक पाडायचं यंत्र कागदापुरतंच.
काचेवर मात्र पहारीचा ओरखडा उठला.
निवृत्त होईपर्यंत मी त्यावर कॅलेंडर ठेवायचो.

पुढचं ऐकीव आहे.
यल्लव्वा धोत्रे, वडारांची,
खडी फोडता फोडता खडीचा ठेका घेतलेली,
तिनं आपलं गंठण सोनाराकडं ठेवलं म्हणे.
कुणी सांगतं व्याज घेतलं, कुणी सांगतं नाही.
मग पूर आला, हरिपूरची पेवं पाण्यानं भरली,
तारण जागच्या जागी कुजलं.
त्या फायलींवर कुणी फुली मारली नाही.

यंदा कुपवाडला गेलो, परसातलं खुरपं पाजवून घ्यायला.
पत्र्याची शेड, दारात निळी पाटी,
पाटीवर जीएसटीचा आकडा, त्याखाली प्लॉट नंबर.
आत नऊ माणसं. हॅमर असा पडतो
की चहाच्या कपावर गोल गोल वळ्या उठतात.
झुंबरनं खुरपं उलटं केलं, पदरानं पुसलं,
अंगठा एका जागी थांबला.
तीन ठिपके.
"घरात कधीपास्नं हाय ह्ये?"
वडिलांपासून, मी म्हणालो.
"म्हंजी पुरावा तुमच्याच घरात हुता की वो!"
या वेळी आधी ती हसली.

पैसे घेतले. पूर्ण घेतले, बिल दिलं.
मी पायऱ्या उतरत होतो तर मागून हाक:
"बुधवारी मोकळं असता का?
चार पोरी फायली घिऊन येत्यात माझ्याकडं.
येक कैकाड्यांची हाय, द्राक्षाच्या पाट्या इणती,
येक पारध्यांची, तिला शिलाईचं युनिट घालायचंय.
फाईल कुठं अडती ते तुमास्नीच ठावं,
तुमीच अडवायचा."

बुधवारी जातो.
ऐरणीशेजारी स्टूल आहे, त्यावर बसून फॉर्म भरतो.
नाव. वय. पत्ता, शेडचाच लिहितो, झुंबरनं परवानगी दिलीय.
तारण या रकान्याशी अजून पेन थांबतं.
पोरगी तोंडाकडं बघत राहते.
हॅमर पडतो, अक्षर हलतं,
परत गिरवावं लागतं.